खाण बुजवू नका, खाणीत उतरू द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांचे उद्यान अधीक्षक, शहर अभियंते
आणि त्यांच्यासाठी आराखडे काढणारे वास्तुरचनाकार

विषय: बंद पडलेल्या दगडखाणींच्या जागी होणारी उद्याने



आपली शहरं ज्या डबरावर आणि खडीवर उभी राहिली, तो दगड शहराबाहेरच्या टेकड्या फोडून आणला. मग शहरच वाढत वाढत त्या खाणींपर्यंत पोचलं. परवाने संपले, क्रशर पुढच्या गावाला गेले, खड्ड्यांत पाणी साचलं आणि काठावर इमारती आल्या. आता या जागांवर उद्यानं करायचे प्रस्ताव येतात, फाइल आपल्या टेबलावर येते. कल्पना उत्तम आहे. गर्दीच्या वस्तीत इतकी मोठी मोकळी जागा दुसरी मिळणार नाही. म्हणूनच ती फाइल पुढे कशी जाते हे पाहून जी तगमग होते, ती आपल्यापुढे मांडतो आहे.

अशाच एका उद्यानाच्या सादरीकरणाला मी नागरिक म्हणून हजर होतो. शहराचं नाव सांगत नाही, कारण तक्रार एका शहराची नाही. पहिल्या चित्रात खाण होती: काळा कडा, खाली हिरवट पाणी. पुढच्या एकाही चित्रात ती दिसली नाही. प्रवेशाची कमान, पेव्हर ब्लॉकचे रस्ते, संगीत कारंजं, फायबरचे प्राणी, सेल्फी पॉइंट, ओपन जिम. आणि सिमेंटचा कृत्रिम धबधबा, पंपावर चालणारा. ज्या कड्यावरून पावसाळाभर खरं पाणी कोसळतं, त्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर. सगळे नकाशे आकाशातून पाहिल्यासारखे सपाट होते. कडा किती उंच, पाणी किती खोल, हे कुठेही काढलेलं नव्हतं. शेवटी मी विचारलं, खाली उतरायची वाट कुठून आहे? उत्तर आलं, खाली कुणाला जाऊच द्यायचं नाही, सगळीकडून जाळी मारणार आहोत.

माझं म्हणणं या एका उत्तराविरुद्ध आहे. खाणीच्या जागेत पाहण्यासारखं, चढण्यासारखं, बसण्यासारखं जे काही आहे ते खालीच आहे. वरच्या सपाटीवर हिरवळ लावून खड्ड्याला जाळी मारायची असेल, तर ते उद्यान कुठल्याही चौकात झालं असतं.

पहिल्या चित्रानंतर गायब झालेला तो कडा मी आधी जवळून पाहिला होता. त्याच्यावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या खुणा आहेत. भोकाचा अर्धा भाग फुटलेल्या दगडाबरोबर गेला, उरलेला अर्धा कड्यात पन्हाळीसारखा कोरलेला राहिला. बोट फिरवलं तर पहारीच्या टोकाचे वळसे हाताला लागतात. त्याखाली वीतभर जाडीचा तांबडा पट्टा आडवा गेला आहे. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याच्या धगीने ती भाजून निघाली. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचत होते. शाळेत मुलं 'बेसाल्ट' हा शब्द पाठ करतात; इथे तो हात लावून कळतो. त्या आराखड्यात या भिंतीवर हिरव्या वेलींची कृत्रिम जाळी चढवायची होती. माझी पहिली विनंती हीच, की तो कडा झाकू नका, रंगवू नका. धोकादायक भाग सोडून जिथे शक्य आहे तिथे माणसाला त्याच्या पायथ्याशी जाता येऊ द्या.

पुण्याच्या वेताळ टेकडीवरची जुनी खाण आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिथे कुणी कमान उभारली नाही, कारंजं बसवलं नाही. तरी सकाळ-संध्याकाळ माणसं तिथे येतात. कुणी पळतं, कुणी दुर्बीण घेऊन काठावर उभं राहतं, कुणी नुसतंच पाण्याकडे बघत बसतं. आजोबांना हाताला धरून आणणारी नात तिथे दिसते, परीक्षेचं पुस्तक घेऊन आलेला मुलगा दिसतो. टेकडीवरून रस्ता नेण्याचा विषय 2023 साली पेटला तेव्हा पुणेकर मोठ्या संख्येने चालत निघाले, ते काही फायबरच्या जिराफासाठी नव्हे. लोकांना काय हवं आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. त्यांना मोकळी वाट हवी, सावली हवी, पाणी दिसायला हवं, आणि कुणी शिट्टी वाजवून उठवू नये एवढं हवं.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो, तो पाण्याचा. जाळी मारण्याचा आपला आग्रह कशातून येतो हे मला समजतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्यात खाणीत बुडून मुलं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. धुणं धुवायला गेलेल्या बायका जातात, पाय घसरलेल्याला वाचवायला उडी मारणारा दुसराही जातो. असा प्रसंग घडला की मागे कुणीतरी अधिकारी चौकशीला सामोरा जातो. त्या भीतीतून जाळी येते आणि 'पोहण्यास सक्त मनाई आहे' असा फलक लागतो. पण काही महिन्यांत जाळीला भोक पडलेलं असतं, आणि भोकाच्या पलीकडे दगडाखाली दाबून ठेवलेले शर्ट आणि चपलांचे जोड दिसतात. ही मुलं बेफिकीर आहेत असं म्हणून मोकळं होता येणार नाही. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला पोहायला दुसरं पाणी शहराने दिलेलं नाही. महापालिकेचे तलाव असतात तिथे शुल्क असतं, वेळा असतात, बॅचमध्ये जागा नसते, आणि बरेच दिवस ते दुरुस्तीसाठी बंद असतात.

खाणीचं पाणी नदीच्या किंवा तळ्याच्या पाण्यासारखं वागत नाही, हे आराखडा काढणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे. तळ्याचा काठ उतरता असतो. खाणीत गुडघाभर पाण्यात उभा असलेला मुलगा एक पाऊल पुढे टाकतो आणि खाली दोन-तीन पुरुष पाणी असतं. वरचा थर उन्हाने कोमट, खालचा गार. अचानक गारठा लागला की दम कोंडतो. बाहेर यायला धरावं तर काठ सरळसोट, वर शेवाळ. पोहता येणाराही तिथे दमतो. दगड पायऱ्यापायऱ्यांनी काढत खाली जावं असा खाणकामाच्या सुरक्षेचा नियम आहे. तो पाळला असता तर निम्मं काम तिथेच झालं असतं. अनेक खाणींत तो पाळलेला नाही, म्हणून कडे असे तुटलेले आहेत. उद्यान करताना ती राहिलेली पायरी आपण करू शकता.

आपल्याकडे पाण्यापर्यंत उतरण्याची विद्या जुनी आहे. बारवा बांधणाऱ्यांनी आणि नदीचे घाट घडवणाऱ्यांनी ती दगडातच सोडवलेली आहे: रुंद पायऱ्या, मधे टप्पे, पाणी कितीही खाली गेलं तरी हाताला येईल अशी रचना. खाणीच्या एका कोपऱ्यात असा घाट करा. त्याच्यापुढचा भाग भराव टाकून, बांध घालून कमरेइतका उथळ ठेवा, खोल पाण्यापासून तो दगडी भिंतीने वेगळा करा. बाकीच्या काठाला कुंपण हवंच, पण कुंपणाबरोबर ठराविक अंतरावर दोर आणि तरंगणारी रिंग हवी, खोली मीटरमध्ये लिहिलेले खांब हवेत, आणि पोहण्याच्या वेळेत पगारी, प्रशिक्षित जीवरक्षक हवा. सुट्टीत वस्तीतल्या मुलांना पोहणं आणि बुडणाऱ्याला स्वतः उडी न मारता दोर फेकून ओढून घेणं शिकवा. संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये 25 जुलै हा दिवस बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी ठरवून दिला. जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सांगते त्यांत अडथळे उभारणं आहे, तसंच मुलांना पोहायला आणि आजूबाजूच्यांना वाचवायला शिकवणंही आहे. आपण त्यातलं फक्त पहिलं उचलतो. सगळ्यात आधी मात्र पाणी तपासून घ्या. ज्या खाणीत सांडपाणी किंवा राडारोडा गेला आहे, तिथे कुणालाही पाण्यात उतरवू नका, ते आधी साफ करा.

हे परवडत नाही, हे इथे होणार नाही, असं आपल्यापैकी काही जण म्हणतील. खाणीचं उद्यान ही काही आजची टूम नाही. पॅरिसमधलं ब्यूत-शोमाँ उद्यान 1867 साली खुलं झालं. तिथे जिप्सम आणि चुनखडीच्या खाणी होत्या, त्या बंद पडल्यावर शहराचा कचरा पडू लागला, आणि जवळच एके काळी फाशीचा माळ होता. इतक्या बदनाम जागेवर आल्फाँ या अभियंत्याने उद्यान रचलं आणि खाणीने सोडलेला उंच कडा तसाच ठेवून त्याच्याभोवती तळं केलं. पॅरिसकर आजही त्या उतारांवर पहुडतात. त्याने डोंगराला घाटदार करायला सिमेंट आणि कृत्रिम गुहाही वापरल्या, तो भाग मला तितकासा रुचत नाही. पण मूळ खाणीचा उंचसखलपणा त्याने गमावला नाही.

शिकागोच्या ब्रिजपोर्ट भागातलं पाल्मिसानो पार्क आपल्या परिस्थितीला जास्त जवळचं आहे. 1830च्या दशकापासून तिथे चुनखडी निघत होती. खाण बंद झाल्यावर बांधकामाचा राडारोडा टाकून ती भरत आणली गेली. 2009 साली तिथे सुमारे 27 एकरांचं उद्यान झालं. भरावाची टेकडी केली, पावसाचं पाणी पाणथळ टप्प्यांतून मुरत मुरत खालच्या तळ्यात आणलं, आणि तळ्याच्या बाजूला खाणीची मूळ भिंत उघडी ठेवली. मुलं तिथे मासे पकडतात आणि परत सोडतात, टेकडीवर पतंग उडवतात, हिवाळ्यात बर्फावरून घसरतात. राडारोड्याने भरलेल्या कितीतरी खाणी आपल्याकडे आहेत. भरल्या म्हणून त्या वाया गेल्या असं मानायचं कारण नाही. भरायच्याच असतील तर एक कोपरा उघडा ठेवा.

लागवडीबद्दलही सांगायला हवं. आपल्या अंदाजपत्रकात हिरवळ, शोभेचे ताड आणि रंगीत पानांची झुडपं असतात. खाणीच्या तळाला माती नसते, मुरूम आणि दगडाचा चुरा असतो. तिथे हिरवळ जगवायला टँकर लागतात. गुरुग्राममध्ये खाणकामाने उघड्या पडलेल्या अरवलीच्या टेकड्यांवर 2010 पासून नागरिक आणि पालिका यांनी मिळून तिथलीच झाडं लावली. सुमारे 390 एकरांचं ते जैवविविधता उद्यान आज जंगल वाटतं, आणि 2022 साली त्याला संरक्षित क्षेत्राबाहेरचं संवर्धनक्षेत्र म्हणून देशात पहिल्यांदा मान्यता मिळाली. सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर आपोआप येणारी झाडं आणि गवतं आपल्या उद्यान निरीक्षकांना माहीत आहेत. त्यांना विचारा. गवत वर्षातले काही महिने पिवळं पडेल, ते पडू द्या.

कड्यावरच्या कपारी सिमेंटने बुजवण्याआधी एकदा पक्षी पाहणाऱ्यांना बोलवा. शृंगी घुबड अशाच कड्यांच्या कपारीत, उघड्या खडकावर अंडी घालतं, आणि सोडून दिलेल्या खाणी त्याला चालतात. साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ असतो. नेमक्या त्या काळात लेझरचे कार्यक्रम आणि भोंगे लावले, तर घरटं सुटतं.

आणखी एक गोष्ट आराखड्यात मला कधीच दिसत नाही, ती म्हणजे ज्यांनी ही खाण खणली ती माणसं. वडार समाजाच्या किती पिढ्यांनी घण, पहार आणि छिन्नीने हा दगड काढला. खडी फोडणाऱ्या बायकांच्या पाठीशी झोळीत पोर असायचं, त्या पोराच्या छातीत धूळ जायची. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींवर 'संतुलन' संस्थेने पाषाण शाळा सुरू केल्या त्या याच पोरांसाठी, कारण कुठल्याही गावच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. उद्यानाला कुणाचं नाव द्यायचं यावर सभागृहात तास जातात. त्यातला थोडा वेळ इथे काम केलेल्यांना शोधायला द्या. ते अजून आसपास राहतात, त्यांना खाणीचा इतिहास तोंडपाठ आहे: कुठला कडा ठिसूळ, कुठे झरा लागला, कुठे सुरुंग उलटला. ते ऐकून लिहून काढा आणि पायवाटेवर लावा. उद्यानातल्या नोकऱ्यांत त्यांच्या घरातल्यांना आधी घ्या.

दगडही दाखवा. वाघोलीच्या खाणींतून निघालेलं गडद निळं कॅव्हॅन्साइट आणि पुण्यातल्याच पाषाणच्या खाणीतलं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेलं आहे. आपल्याकडे ते पाहायचं तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयासारख्या मोजक्या ठिकाणी जावं लागतं. ज्या शहराच्या पोटातून ही रत्नं निघाली, तिथल्या मुलांना ती ठाऊक नाहीत. उद्यानात एक छोटी खोली यासाठी पुरेल.

वेळा आणि तिकीट यांबद्दल थोडक्यात. सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडणारं उद्यान रात्रपाळी करणाऱ्याच्या, डबे पोचवणाऱ्याच्या, दुपारी मुलाला घेऊन बाहेर पडणाऱ्या आईच्या उपयोगाचं नसतं. दुपारी फाटक उघडं ठेवा, सावलीत बाकं ठेवा. बायकांसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह पहिल्या टप्प्यात बांधा, तिसऱ्या टप्प्यावर ढकलू नका. पायऱ्या उतरता न येणाऱ्यांसाठी निदान एका बाजूने चाकाची खुर्ची जाईल असा उतार द्या. आणि चेंडू खेळणाऱ्या पोरांना हाकलू नका. खाणीच्या तळातला कोरडा, सपाट भाग त्यांना सोडा. प्रस्तरारोहण शिकवणारे गट राज्यभर आहेत. चढण्याजोगी एक भिंत त्यांच्या देखरेखीखाली ठेवली, तर पोरं यूट्यूब पाहून भलत्या कड्यावर चढणार नाहीत.

पैशाचा प्रश्न येईल. सुरुंगांनी खिळखिळे झालेले कडे दर पावसाळ्याआधी तपासावे लागतात, सैल दगड पाडून घ्यावे लागतात, आणि ते काम भूशास्त्र जाणणाऱ्या माणसाचं आहे. निविदेत हा खर्च दिसत नाही, कारंज्याचा दिसतो. उद्घाटनानंतर वर्षभरात कारंज्याच्या मोटारी बंद पडतात आणि कड्याखालची वाट 'दरड कोसळण्याचा धोका' म्हणून कायमची बंद होते. हा क्रम उलटा करा. 2015 साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. खाणकामाची झळ बसलेल्या माणसांसाठी आणि भागांसाठी तो निधी आहे. शहरातल्या जुन्या खाणीशेजारची वस्ती त्यात बसवता येते का, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा. हे पत्र आपणच लिहू शकता, आम्ही लिहिलेल्या पत्राला आवक क्रमांकापलीकडे काही मिळत नाही.

शेवटची विनंती आराखड्याचीच. निविदा निघण्याआधी तो खाणीशेजारच्या शाळेत किंवा समाजमंदिरात महिनाभर लावा. मराठीत लावा. त्यात वरून काढलेल्या नकाशाबरोबर खाणीचा उभा छेद असू द्या: कडा किती मीटर, पाणी उन्हाळ्यात कुठवर आणि पावसाळ्यात कुठवर, उथळ भाग कुठे संपतो, उतरायची वाट कुठून, जीवरक्षक कुठे बसणार. जुलैतल्या एखाद्या रविवारी, पाऊस उघडलेला असताना, आपण आणि आपले वास्तुरचनाकार त्या खाणीवर या. वस्तीतली माणसं, खाणीत काम केलेले म्हातारे, पक्षी पाहणारे, आम्ही टेकडीवाले, सगळे येऊ. जागेवर उभं राहून एकेक रेघ कुठे पडते ते पाहू. तारीख कळवलीत की लोकांना जमवण्याची जबाबदारी माझी.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
टेकड्या आणि खाणी पायी फिरणारा एक पुणेकर